नर्स ॲनेस्थेटिस्ट व्हायचंय? कोर्स नंतर, देश आधी ठरव

प्रश्न: मॅडम, मी चोपडा तालुक्यातली. यंदा बारावी सायन्स झाले, पीसीबीला ६४ टक्के आहेत. नीटचा स्कोअर एमबीबीएसला पुरत नाही. अमेरिकेतल्या नर्स ॲनेस्थेटिस्टचे व्हिडिओ पाहून मला तेच व्हायचंय. मामा म्हणतात, बी.एस्सी. ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजी घे, तेच काम लवकर करता येईल. नर्सिंगला गेलीस तर बेडपॅन उचलण्यात वर्षं जातील. कोणता रस्ता धरू? किती वर्षं लागतील, किती पैसे लागतील?

उत्तर: मामा तुझ्या भल्याचंच सांगताहेत, पण त्यांनी दोन वेगळी कामं एकात घातली आहेत. ओ.टी.त भूलतज्ज्ञाला साथ द्यायची असेल तर टेक्नॉलॉजीचा रस्ता खरंच जवळचा आहे. व्हिडिओतली बाई जे करते, म्हणजे स्वतः पेशंट तपासते, औषध ठरवते, भूल देते आणि पेशंटला परत शुद्धीवर आणते, ते करायचं असेल तर त्या रस्त्याने तू कधीच पोचणार नाहीस. अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्ट व्हायला आधी नोंदणीकृत नर्स असावं लागतं, आणि ॲनेस्थेशिया टेक्नॉलॉजी केलेल्या मुलीची नर्स म्हणून नोंदणी होत नाही. हे दोन रस्ते बारावीनंतर फुटतात आणि पुढे एकमेकांना मिळत नाहीत. तीन-चार वर्षांनी मत बदललं तर नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात.

याचा अर्थ टेक्नॉलॉजिस्टचं काम कमी दर्जाचं असं मुळीच नाही. सकाळच्या पहिल्या केसआधी भूल द्यायचं बॉयल्स मशीन तपासणारा, ऑक्सिजनचा दाब बघणारा, सर्किटमध्ये गळती शोधणारा, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, सक्शन ओढतं का, श्वासनळीत घालायची सातची नळी काढली तर साडेसहा आणि साडेसातचीही शेजारी आहे का, हे सगळं बघणारा तोच असतो. चांगला टेक्निशियन असेल त्या दिवशी भूलतज्ज्ञ निर्धास्त असतात. सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ साली केंद्राने जो कायदा केला, त्यात या व्यवसायाला जागा आहे. जळगाव, धुळे, नाशिकला नोकरी मिळते, आखातातही जाता येतं. तेच हवं असेल तर खुशाल घे. फक्त त्याला अमेरिकेतल्या नर्स ॲनेस्थेटिस्टची पहिली पायरी समजू नकोस.

आता आपल्याकडचं. भारतात नर्सने स्वतंत्रपणे भूल द्यायची सोय नाही. ते काम एम.डी., डी.ए. किंवा डी.एन.बी. केलेल्या भूलतज्ज्ञ डॉक्टरचं. खेड्यापाड्यांत भूलतज्ज्ञ मिळत नाहीत हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. म्हणून तर ग्रामीण आरोग्य अभियानात तातडीच्या सिझरसाठी भूल द्यायचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. पण तेही एमबीबीएस डॉक्टरांसाठी, नर्सना त्यात घेतलं नाही. धडगाव-मोलगीकडून अडलेली बाई नंदुरबारला आणताना घरच्यांचा जीव कसा टांगणीला लागतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा निर्णय पटणार नाही कदाचित, मलाही पूर्ण पटत नाही. पण आज नियम हाच आहे. त्यामुळे एखाद्या छोट्या दवाखान्यात 'सिस्टर, जरा केटामाईन सोडा, मी हात धुऊन येतो' असं म्हणून भुलीचं औषध द्यायला सांगणारा सर्जन भेटला तर नम्रपणे नाही म्हणायचं. पेशंटचा श्वास थांबला तर कागदावर सही कोणाची आहे ते बघतात, आणि 'सरांनी सांगितलं होतं' हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

म्हणून मी मुलींना सांगते, आधी देश ठरवा. नर्स ॲनेस्थेटिस्ट ही पदवी जगभर सारखी नाही.

अमेरिकेत हे काम नर्सनीच उभं केलं असं म्हटलं तरी चालेल. मेयो क्लिनिकमधल्या ॲलिस मॅगॉ या नर्सने १४ हजारांहून जास्त पेशंटना ईथर-क्लोरोफॉर्मची भूल दिली आणि भुलीमुळे एकही मृत्यू झाला नाही, हे तिने १९०६ मध्ये छापून मांडलं. १९३१ साली तिथल्या नर्स ॲनेस्थेटिस्टची राष्ट्रीय संघटना झाली, १९५६ पासून सीआरएनए (सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स ॲनेस्थेटिस्ट) ही उपाधी चालते. आज तिकडच्या ग्रामीण भागातल्या कित्येक छोट्या हॉस्पिटलांत भूल देणारी एकटी तीच असते. पगार वर्षाला दोन लाख डॉलरच्या घरात जातो, व्हिडिओत तेवढंच ठळक करून दाखवतात.

त्यामागची शिडी अशी: नर्सिंगची पदवी, एनसीएलईएक्स-आरएन ही तिकडची नर्सिंग परीक्षा पास करून अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं नर्सिंग लायसन्स, किमान १ वर्ष क्रिटिकल केअरमध्ये पूर्णवेळ काम (प्रत्यक्षात निवड होणाऱ्या बहुतेकींकडे त्याहून जास्त असतं), आणि मग साधारण ३ वर्षांचा डॉक्टरेट अभ्यासक्रम. पूर्वी मास्टर्सवर भागायचं. १ जानेवारी २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरेटच करावी लागते. त्या ३ वर्षांत किमान ६०० केसेस आणि २००० तास प्रत्यक्ष काम, शेवटी राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा. अभ्यास इतका दाट असतो की बरोबरीने नोकरी होत नाही, बऱ्याच कॉलेजांत करूही देत नाहीत.

हे सगळं जमण्यासारखं आहे. अडतं ते दुसरीकडेच, व्हिसाच्या रांगेत. भारतीय नर्स बहुतेक करून ईबी-३ या ग्रीनकार्डच्या वर्गातून जाते आणि भारतात जन्मलेल्यांची ती रांग दशकभराहून जास्त मागे आहे. रांग जन्माच्या देशावर लागते, पासपोर्टवर नाही. म्हणजे मधे इंग्लंडला जाऊन तिथलं नागरिकत्व घेतलंस तरी चोपड्यात जन्मलेली तू भारताच्याच रांगेत. (नवरा दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याच्या देशाची रांग मिळते, पण म्हणून तसं स्थळ शोधायला लागू नका.) विद्यार्थी व्हिसावर थेट जाता येत नाही का? येतं, पण परदेशी विद्यार्थी घेणारे कार्यक्रम थोडे, ते अमेरिकेतला आयसीयूचा अनुभव मागतात, आणि फी एक ते दोन लाख डॉलरपर्यंत जाते. तिकडचं सरकारी शैक्षणिक कर्ज नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळतं. तुझ्या वडिलांची शेती गहाण ठेवूनही ती रक्कम उभी राहणार नाही आणि राहिली तरी ठेवू नये. म्हणून क्रम असा धर: नर्स म्हणून ग्रीनकार्डवर जायचं, तिथल्या आयसीयूत वर्ष-दोन वर्षं काढायची, मग डॉक्टरेटची शाळा.

आता वर्षं मोज. आज अठरा. बी.एस्सी. संपेल तेव्हा बावीस. इथे आयसीयूत दोन-तीन वर्षं, त्यातच एनसीएलईएक्स. पुढे रांग, मग तिकडचा आयसीयू, मग ३ वर्षांची डॉक्टरेट. चाळिशीच्या आत हातात लॅरिंगोस्कोप आला तर लवकर झालं म्हणायचं. हे ऐकून मन खट्टू होत असेल तर आत्ताच झालेलं बरं. आणि ऐकूनही 'चालेल' वाटत असेल तर रांगेचा वेळ फुकट जात नाही: रांगेतली आपली तारीख लवकर पाडून घ्यायची आणि तोवर आखातात, आयर्लंडला किंवा इंग्लंडला आयसीयूत काम करायचं, कमवायचं. एनसीएलईएक्स लवकर द्यायची ती याचसाठी. परीक्षा मुंबईत देता येते, २०० डॉलर नोंदणीचे आणि अमेरिकेबाहेर देण्याचे आणखी १५० डॉलर. कागदपत्रं तपासून घेण्याचा खर्च वेगळा.

बाकीचे देश थोडक्यात. फ्रान्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क इथे भूल देणाऱ्या नर्स आहेत आणि त्यांना मान आहे, पण डॉक्टरच्या देखरेखीत, आणि सगळा कारभार तिथल्या भाषेत. जर्मनीत नर्सिंगनंतर भूल आणि आयसीयूचं दोन वर्षांचं विशेष शिक्षण आहे; काम भूलतज्ज्ञाच्या जोडीने करायचं, स्वतंत्र नाही. इंग्लंडमध्ये ॲनेस्थेशिया असोसिएट नावाचं पद आहे, नर्सही त्यासाठी जाऊ शकते, पण सध्या त्याच्या नावापासून अधिकारापर्यंत सगळ्यावर वाद चालू आहे. त्या पदाच्या भरवशावर आज आखणी करू नकोस.

तर तुझं उत्तर बी.एस्सी. नर्सिंग. पण नीट दिली म्हणजे झालं असं समजू नकोस, राज्यात बी.एस्सी. नर्सिंगसाठी सीईटी सेलची वेगळी परीक्षा आहे. तुझ्या ६४ टक्क्यांना पात्रतेची अडचण नाही. सीईटी दिली नसशील तर मी एक वर्ष थांबून ती द्यायला सांगेन. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, पण ते ३ आणि २ मिळून ५ वर्षं होतात. घरची निकड असेल तरच.

कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घ्यायचा, यावर मी हट्टी आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. एससी-एसटीच्या शिष्यवृत्त्या आधीपासून आहेत. व्यवस्थापन कोट्यातून गेलीस तर यातलं काही मिळत नाही. दाखले, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा कागद आत्ताच काढून ठेव, ऐन प्रवेशाच्या वेळी सेतू केंद्रात रांगा असतात. आणि चोपड्याहून सीमा जवळ म्हणून कोणी 'पलीकडे मध्य प्रदेशात ॲडमिशन करून देतो, हजेरीची कटकट नाही' म्हणेल. तिथल्या नर्सिंग कॉलेजांची उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झालेली आहे. सगळी कॉलेजं वाईट नसतील. पण ज्या कॉलेजात हजेरी लागत नाही तिथल्या पदवीवर परदेशातली कागदपत्र तपासणी पहिल्याच टप्प्यात अडते. ते लोक तुझ्या प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास कॉलेजकडून मागवतात.

पहिल्या दोन सेमिस्टरना मुली ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री कशीबशी काढतात आणि 'खरं नर्सिंग पुढे आहे' म्हणतात. तुझ्या बाबतीत खरं नर्सिंग तिथेच आहे. अमेरिकेतली शाळा गुणपत्रिका विषयवार बघते आणि तिची नजर आधी या विषयांवर जाते. हृदय एका ठोक्याला किती रक्त फेकतं, ऑक्सिजन हिमोग्लोबिनला कधी घट्ट धरतो आणि कधी सोडतो, हे पहिल्या वर्षात डोक्यात बसलं तर पुढची दहा वर्षं सोपी जातात.

बेडपॅनचं म्हणशील तर ते खरं आहे, उचलावं लागतं. त्यात कमीपणा नाही आणि त्यातून शिकायलाही मिळतं: लघवी किती झाली, रंग कसा होता, हे ज्या नर्सच्या लक्षात राहतं तिला किडनी बसत चालल्याचं रिपोर्टच्या आधी कळतं.

आता आयसीयूबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मुली इथेच चुकीची नोकरी धरतात. पुण्या-मुंबईच्या झगमगीत हॉस्पिटलात नोकरी लागली की घरचे पेढे वाटतात, पण तिथे तुला वॉर्डात किंवा ओपीडीत टाकलं तर या वाटेसाठी त्याचा उपयोग नाही. उलट जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आयसीयूत जे दिसतं ते पुस्तकात एका ओळीत आटोपलेलं असतं.

कपाशीवर फवारणी सुरू झाली की आपल्याकडे कीटकनाशकाच्या विषबाधेचे पेशंट येतातच. कोणी फवारताना अंगावर घेतलेलं, बरेचसे भांडणात प्यायलेले. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या, छातीत घरघर, पल्स पडलेली. ॲट्रोपीन हा उतारा चालू करायचा आणि दर काही मिनिटांनी छातीला स्टेथोस्कोप लावून बघायचं की घरघर कमी झाली का. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणजे पुरेसं झालं असं नाही, फुप्फुसं कोरडी व्हायला हवीत. अशा पेशंटला नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यायची वेळ आली की डॉक्टर कोणतं औषध मागतात ते नीट ऐक. एरवी घाईच्या वेळी स्कोलीन देतात, कारण ते लगेच स्नायू सैल करतं आणि काही मिनिटांत उतरतं. ते उतरतं कशामुळे? रक्तातलं कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम त्याला तोडतं म्हणून. आणि या विषाने नेमकं तेच एन्झाइम निकामी केलेलं असतं. तिथे स्कोलीन दिलं तर मिनिटांचा हिशेब तासांवर जातो. डॉक्टर दुसरं औषध का मागताहेत हे ज्या नर्सला न विचारता कळलं, ती या वाटेवर आहे असं मी समजते. अमेरिकेतल्या प्रवेशाच्या मुलाखतीत याच जातीचे प्रश्न येतात: हे औषध का, ते का नाही, ब्लडप्रेशर पडलं तर आधी काय.

सातपुड्याच्या पायथ्याच्या हॉस्पिटलात असशील तर सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. पावरा-भिल समाजातला पोरगा हात मोडून ऑपरेशनला आला की सिकलसेल तपासलं का हे विचारायची सवय लाव. त्याला गारठू द्यायचं नाही, सलाईन मागे पडू द्यायचं नाही, ऑक्सिजन कमी होऊ द्यायचा नाही, आणि हाताला टूर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) बांधायचा की नाही हे भूलतज्ज्ञांना आधी विचारायचं. शहरातल्या नर्सला हे वाचून माहीत असतं.

नोकरी लागल्यावर इनचार्ज सिस्टरला स्पष्ट सांग की मला व्हेंटिलेटरचे पेशंट द्या. ब्लडप्रेशर धरून ठेवणाऱ्या नॉरॲड्रेनलीनच्या पंपावरचा पेशंट, धमनीतली आर्टेरियल लाइन, एबीजी (रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट) वाचणं, रात्रीचा हँडओव्हर, हे सगळं अंगवळणी पडलं पाहिजे. एम्सच्या नॉरसेट या नर्स भरती परीक्षेची तयारी जरूर कर. तिथला आयसीयूचा अनुभव कुठेही वजन टाकतो आणि परदेश झालाच नाही तरी पक्की सरकारी नोकरी हातात राहते. तुला भारतातच राहायचं ठरलं तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा २ वर्षांचा रेसिडेन्सी अभ्यासक्रम बघ. भूल देता येणार नाही, पण आयसीयूत विचार करून काम करणाऱ्या नर्ससाठी आज आपल्याकडे त्याच्याएवढं जवळचं दुसरं काही नाही. एम.एस्सी. नर्सिंग शिकवण्याकडे नेतं. शिकवायची हौस असेल तर छान, भुलीच्या वाटेला ते लागत नाही.

इंग्रजी आजपासून. ऑपरेशनआधी हात धरून 'मी परत जागी व्हसू ना वो माय?' विचारणाऱ्या आजीला तू अहिराणीत सहज धीर देशील. टेक्सासच्या म्हाताऱ्याने हेच त्याच्या बोलीत विचारलं तर पहिल्यांदा प्रश्नच कळणार नाही. आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा पास होणं वेगळं आणि फोनवर रात्री दोन वाजता डॉक्टरला पेशंटची हालत सांगणं वेगळं. दुसऱ्यासाठी क्लास नाही, रोज बोलावंच लागतं.

पैशांवरून एकच सांगते. 'अमेरिकेला पाठवतो, आठ लाख भरा' म्हणणारे एजंट जळगावपासून शिरपूरपर्यंत भेटतील. नोंदणीकृत भरती एजंटाला नियमाने ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. नर्स नेणारी तिकडची हॉस्पिटलं आणि कंपन्या बराचसा खर्च स्वतः करतात आणि त्याबदल्यात दोन-तीन वर्षांच्या नोकरीचा करार घेतात. तो करार मात्र सही करण्याआधी वाच, मधेच सोडलं तर किती भरायचं ते बघ.

शेवटी कागद. तुझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं असेल. आधारवर क्रम वेगळा, त्यात स्पेलिंग एका ठिकाणी डबल 'ए', दुसरीकडे सिंगल. इथे कोणी विचारत नाही, परदेशातल्या तपासणीत मात्र ती दोन वेगळी माणसं ठरतात आणि प्रतिज्ञापत्रं करत महिने जातात. पासपोर्ट दहावीच्या सर्टिफिकेटवरच्या स्पेलिंगप्रमाणे काढ, कॉलेजात, विद्यापीठात आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत तेच स्पेलिंग लिही, आणि लग्न झालं तरी व्यवसायाच्या कागदांवर नाव बदलू नकोस. प्रत्येक नोकरी सोडताना अनुभवपत्रावर 'स्टाफ नर्स' एवढंच न लिहिता युनिटचं नाव, किती बेडचा आयसीयू, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, हे मेट्रनकडून लिहून घे. हॉस्पिटलं बंद पडतात, मेट्रन निवृत्त होतात, मग ते पत्र द्यायला कोणी सापडत नाही.

सीईटी दिली आहेस की नाही ते कळव, त्यावर कॉलेजांची पसंती कशी भरायची ते सांगते.